सातव्या मजल्यावरची सतरा माणसं

जावयाचा फोन सकाळी आला तर मुलीची तब्येत, दुपारी आला तर नातवाची शाळा आणि संध्याकाळी आला तर मुलगी चार दिवस राहायला येतेय, असं माझं साधं गणित आहे. ऐन जेवताना आलेल्या फोनचं गणित मात्र माझ्याकडे नव्हतं.

"बाबा," जावई म्हणाले, "तुमच्या त्या गेममध्ये सातवा मजला सापडला."

घास हातातच राहिला. सातवा मजला सापडला याचं मला विशेष काही नव्हतं. तो मीच ठेवला होता. ठेवलेली वस्तू कधी ना कधी सापडतेच, फक्त ती शोधत असताना सापडत नाही. मला गहिवरून आलं ते 'तुमच्या' या शब्दाने. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आजवर हा गृहस्थ 'तुम्ही म्हणता तो गेम' असंच म्हणायचा. म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणायचं नाही, पण दारही उघडं ठेवायचं नाही.

आता हा गेम काय ते सांगतो. एकतीस वर्षांपूर्वी एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे साहेब, दोन प्रोग्रामर, साहेबांचा कुत्रा आणि मी असे पाच जण मिळून 'लिफ्टवाला' नावाचा व्हिडिओ गेम बनवत होतो. सहा मजली इमारत, एक लिफ्ट आणि ती चालवणारा एक टोपीवाला. माणसं मजल्यामजल्यावर उभी असतात, उशीर झाला की पाय आपटतात, आणि तीन तक्रारी झाल्या की लिफ्टवाल्याची नोकरी जाते. एवढंच. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. आज चाळिशी उलटलेले, बऱ्या नोकरीतले, पोट सुटलेले लोक त्याचं संगीत ऐकून डोळे पुसतात म्हणे.

त्यातली माणसं मी काढली. सगळी. आलेखाच्या वहीत एक-एक चौकोन रंगवायचा, मग प्रोग्रामर त्या चौकोनांचे आकडे करून मशीनमध्ये भरायचा. अकरा महिने हे केलं. गेम पूर्ण केला की शेवटी नावं येतात. साहेबांचं येतं, दोन्ही प्रोग्रामरांचं येतं, कुत्र्याचंसुद्धा येतं. माझं येत नाही. कारण गेम पूर्ण व्हायच्या आधी मी नोकरी सोडली होती. कुत्रा शेवटपर्यंत होता.

नोकरी सोडली त्याचं कारण हाच सातवा मजला. तो माझ्या डोक्यातून निघाला होता. लांबलचक करडा व्हरांडा, टोकाला एक खिडकी आणि लिफ्टची वाट बघणारी सतरा माणसं. माणसं काढून झाली होती, चेहरे तेवढे राहिले होते. चेहरे मी नेहमी शेवटी काढायचो. एका गुरुवारी साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "थांब. जागा संपली. सातवा मजला रद्द."

जागा म्हणजे मशीनमधली. त्या काळी गेमला जागा एखाद्या पत्र्याच्या पेटीएवढी मिळायची, त्यात काय कोंबायचं ते कोंबा. पण गंमत अशी, की भरलेली गोष्ट काढूनही टाकता येत नव्हती. मधली एक वस्तू उपसली की बाकी सगळ्यांचे पत्ते चुकायचे, लिफ्टवाला भिंतीतून चालायला लागायचा. म्हणून प्रोग्रामरने मजला तसाच ठेवला आणि लिफ्टमधलं सात नंबरचं बटण तेवढं काढलं. त्याच्या मते अजून न भरलेल्या चार गोष्टी कापल्या की सगळं बसणार होतं. त्या कापल्या, गेम विकला, आणि लाखो घरांत माझी सतरा माणसं बिनचेहऱ्याची आणि बिनबटणाची जाऊन बसली.

मी शुक्रवारपासून कामावर गेलो नाही. अपमान झाला होता. पुढे एका सरकारी कचेरीत सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढायला लागलो आणि एकोणतीस वर्षं तेच काढलं. म्हणजे माझी कारकीर्द पाहिली तर मी आयुष्यभर कुणाला न दिसणाऱ्याच गोष्टी काढत आलो.

तर जुन्या गेमचं पोट उघडून आत काय-काय विसरून राहिलंय ते बघणारे लोक जगात आहेत. पगार नाही, सुट्टी नाही, वरून घरच्यांची बोलणी. त्यांच्यातल्या कुणीतरी बटण परत लावलं होतं. रविवारी जावई स्वतः लॅपटॉप घेऊन आले आणि त्यांनी आम्हाला मजला दाखवला. लिफ्ट वर गेली, सहाच्या पुढे गेली, दार उघडलं.

मला वाटलं होतं, छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. व्हरांडा मला आठवत होता त्यापेक्षा बराच आखूड होता. आणि ती सतरा माणसं तिथे तशीच उभी होती. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात छत्री, एकीच्या कडेवर मूल. चेहऱ्याच्या जागी नुसता मातकट चौकोन. एकतीस वर्षं झाली, लिफ्ट आली नव्हती, आणि एकानेही पाय आपटला नव्हता.

"अहो, हे मेलेले आहेत का?" बायकोने विचारलं.

"राहिलेत," मी म्हणालो.

"लोक तर वेडे झालेत, बाबा," जावई म्हणाले. "तिकडे लेखावर लेख पडतायत. एकाने लिहिलंय, ही माणसं म्हणजे शहरातल्या माणसाची हरवलेली ओळख. दुसरा म्हणतो, सातवा मजला म्हणजे मृत्यू."

"अहो, गुरुवारी काम थांबवलं म्हणून चेहरे राहिले!"

"मग लिहा ना तसं तिथे."

मी लिहिलं. जावयांनी टाइप केलं, मी सांगितलं. अर्ध्या तासात बावीस उत्तरं आली. त्यातलं सगळ्यात सभ्य उत्तर होतं, 'काका, तुम्हाला कला कळत नाही.' बाकीच्यांनी साहेबांची एक चित्रफीत पुढे केली. चार-पाच वर्षांपूर्वीची. साहेब आरामखुर्चीत बसलेत, कुणीतरी विचारतंय की गेममधलं काय-काय कापावं लागलं, आणि साहेब हसून म्हणतायत, "एक सातवा मजला होता. तो माझा. फार जीव लावून काढला होता मी."

मी दोन दिवस जेवलो नाही. खरं म्हणजे जेवलो, पण बोललो नाही. आमच्या घरात ते जास्त मनावर घेतात.

आता ज्या कंपनीकडे हा गेम आलाय, ती तो नव्याने काढणार होती, सातव्या मजल्यासकट. शेवटी नाव येणार, 'सातवा मजला' आणि पुढे कर्त्याचं. कुणाचा दावा असल्यास अमुक शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून पाठवा, सोबत पुरावा जोडा, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"जाऊ द्या ना," बायको म्हणाली. "एवढी वर्षं नाव नव्हतं तर काय अडलं?"

"कुत्र्याचं आहे," मी म्हणालो.

ती भाजी चिरायला बसली.

पुरावा म्हणजे आलेखाच्या वह्या. त्या माळ्यावर असायला हव्या होत्या. माळ्यावर नव्हत्या. बायकोला विचारल्यावर ती आधी आठवल्यासारखं करते, मग आठवतं, मग ती माझ्यावरच चिडते, या क्रमाने कळलं की स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर, डब्यांखाली अंथरलेले कागद म्हणजेच त्या वह्या. चौदा डबे खाली उतरवले. बाकी सगळं उंदरांनी आणि वर्षांनी नेलं होतं, तीन कागद हाती लागले. एकावर छत्रीवाला गृहस्थ होता, आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी तेलाच्या बरणीचा गोल डाग.

"बघा, आला चेहरा," बायको म्हणाली. वर म्हणाली, "मी अंथरले म्हणून तरी टिकले."

हे तीन कागद घेऊन मी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ही माझी चूक. म्हणजे पुढच्या सगळ्या चुका या चुकीच्या पोटच्या. सेक्रेटरी हे निवृत्त हेडक्लार्क. त्यांना कुठल्याही घरात कागदाचा वास आला की ते चपला घालून निघतात.

"डाग पडलेले कागद कोण मानणार?" ते म्हणाले. "प्रतिज्ञापत्र करा. मी मसुदा देतो. मी दिलेला मसुदा आजवर कुणी परत पाठवलेला नाही."

त्यांनी तिथल्या तिथे मसुदा सांगायला घेतला. मी 'व्हिडिओ गेम' म्हटलं, तशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गेम? कायद्याच्या कागदावर गेम? पोरखेळ वाटेल, राव. 'प्रकल्प' लिहा."

"पण तो गेमच आहे हो."

"तुम्ही नळ काढायचात ना? मग नळांचं मी तुम्हाला विचारीन. भाषेचं तुम्ही मला विचारा."

तेव्हा शेवटी जे तयार झालं ते असं होतं: 'मी खाली सही करणार प्रतिज्ञेवर सांगतो की, सदर प्रकल्पातील इमारत सहा मजल्यांची दाखवली असली तरी तिचा सातवा मजला मी स्वतः, स्वहस्ते तयार केला असून, वरिष्ठांच्या सांगण्यावरून तो लपवून ठेवला व तेथे जाण्याचा मार्ग बंद केला. सदर मजल्यावर सतरा माणसे आजही आहेत.' खाली माझं नाव आणि माझा पत्ता. वाचताना मला ते भारदस्त वाटलं. भारदस्त गोष्टींची मला नेहमीच भीती वाटायला हवी होती.

नोटरीच्या कारकुनाने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं आणि शिक्का मारला. मूळ कागद मी कंपनीला पाठवला. बांधकामाबद्दलच्या कागदाची एक प्रत इमारत खात्याला जाते, असा त्यांच्याकडे नियम होता. त्याने तो पाळला. नियम पाळणारा माणूस आयुष्यात एकदाच भेटतो आणि तो असा भेटतो.

मंगळवारी सकाळी इमारत खात्याचा निरीक्षक टेप घेऊन दारात.

"सातवा मजला तुमचाच ना?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सरकारी माणूस हे मान्य करत होता. मी पटकन हो म्हणालो.

"कुठाय?"

"गेममध्ये."

"इमारत कुठाय?"

"तशी इमारत नाहीये."

"आणि मजला?"

"तो तिच्यावर."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग आमची चार मजली इमारत खालून वर मोजली, वरून खाली मोजली, आणि त्या सतरा माणसांना शोधायला गच्चीत गेला. माणसं सापडली नाहीत. सापडली ती एक पत्र्याची खोली. कुलूप लावलेली, कुठल्याच नकाशात नसलेली. आत जुनी कपाटं, व्यायामाची सायकल आणि फाइलींचे गठ्ठे. खोली सेक्रेटरींची होती.

दुपारी तिला सील लागलं. संध्याकाळपर्यंत निरीक्षकाने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बंद गॅलऱ्या आणि जिन्याखालचं एक स्वच्छतागृहही शोधून काढलं. रात्रीपर्यंत इमारतीत माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. सेक्रेटरी जिन्यात समोर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "चांगले पांग फेडलेत." मसुदा परत आला नव्हता, हे मात्र खरं होतं.

कंपनीकडून उत्तर आलं ते बुधवारी. प्रतिज्ञापत्र मिळालं, परंतु ते एखाद्या बांधकामाबद्दल दिसतं, तरी सोबतच्या फॉर्मवर तुमच्या त्या वेळच्या वरिष्ठांची सही घेऊन पाठवावी, की हा मजला तुम्ही काढला. म्हणजे ज्याने चोरी केली त्याच्याकडून दाखला आणा, की वस्तू माझीच होती.

"जाताय का?" बायकोने विचारलं.

"जाणार. आणि तोंडावर विचारणार."

"काय विचारणार?"

ते मी ठरवत गेलो. बसमध्ये पाऊण तास, मग चालत दहा मिनिटं, सगळा वेळ मी वाक्यं जुळवत होतो. 'साहेब, गुरुवार आठवतो का?' हे सुरुवातीला. मग कागद पुढे करायचे. मग चढा आवाज. शुक्रवार उजाडला होता, शेवटची तारीख, आणि मला एकतीस वर्षांचं सगळं एका बैठकीत बोलायचं होतं.

साहेब मुलीकडे राहत होते. तिने दार उघडलं, फोन कानाला होताच. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. फाइल, खिशाला पेन, घामाघूम चेहरा.

"पंख्याचे ना? किती उशीर केलात. या."

"नाही, मी साहेबांच्या—"

"हो, त्यांच्याच खोलीतला. स्टूल आहे तिथे. आणि ऐका, ते बोलतील तुमच्याशी. नुसतं हो-हो म्हणा." तिने फोनवर हात ठेवला. "मला ओळखत नाहीत आता. आई गेलेली आठवत नाही. फक्त एक तो सातवा मजला पाठ आहे. दिवसभर तेच. तेवढंच राहिलंय."

खोलीत साहेब खुर्चीत होते. गुडघ्यावर शाल. फार लहान झाले होते. मी 'साहेब' म्हणालो, तर त्यांनी बोट वर केलं.

"आधी तो बघा. आवाज करतो आणि फिरत नाही."

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही या प्रसंगाला बसत नव्हतं. आणि त्या माणसाने बोट दाखवलं की ते काम करायचं, ही अकरा महिन्यांची सवय अजून अंगात होती. मी फाइल काखेत धरून स्टुलावर चढलो.

"तुम्ही लिफ्टवाला खेळलायत?" खालून आवाज आला.

"हो, साहेब."

"त्यात एक सातवा मजला आहे. मी काढलेला. एक-एक चौकोन रंगवायचा. मान मोडून यायची. संध्याकाळपर्यंत डोळ्यांना धारा. आणि खालून ड्रायक्लीनरचा तो वास, डोकं उठवणारा. तरी सोडवत नसे."

ती माझी मान होती. माझे डोळे होते. साहेब काचेच्या केबिनमध्ये बसायचे, तिथे वासही येत नसे. एवढं सगळं विसरले, आणि जे लक्षात ठेवलं ते नेमकं माझं. पंख्याची एक तार सुटली होती, ती माझ्या बोटांत आली. मी वरूनच विचारलं, आणि बऱ्यापैकी चढ्या आवाजात विचारलं:

"मग चेहरे का नाही काढलेत?"

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"चेहरे माझ्याकडे नव्हते," ते म्हणाले. "चेहरे त्या पोराकडे होते. होता एक. फार चांगला हात. मी त्याला गुरुवारी थांबवलं, जागा संपली म्हणून. तो शुक्रवारी आलाच नाही. शनिवारी प्रोग्रामरने कुठूनतरी जागा काढली. मजला बसत होता हो! बटणसुद्धा लावलं परत. पण चेहरे कोण काढणार? मी बसलो दोन रात्री. नाही जमलं. बिनचेहऱ्याची माणसं लिफ्टमध्ये कशी घ्यायची? काढलं बटण."

मी तार जोडत होतो. ती जागेवर बसायला वेळ लागत होता.

"निरोप पाठवायचा नाही का त्याला?"

"पत्ता कुठे ठेवला होता आम्ही? वाटलं, रुसलाय, येईल सोमवारी." साहेबांनी शाल सारखी केली. "सोमवारी खुर्ची ठेवली होती त्याची. काय बरं नाव त्याचं? जिभेवर आहे बघा."

मी स्टुलावर उभा होतो, डोकं जवळजवळ छताला. मी माझं नाव सांगितलं. स्पष्ट, आडनावासकट.

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खरोखर विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "असलं नव्हतं."

मुलीने बाहेरून बटण दाबलं. पंखा एकदा कण्हला आणि फिरायला लागला. मी खाली उतरलो. काखेतली फाइल वाऱ्याने उघडली होती. वर फॉर्म, सहीच्या जागी फुली केलेला. साहेबांना तो दिसला. त्यांनी हात पुढे केला, पेनासाठी, पूर्वी करायचे तसा.

"द्या, कुठे सही करायचीय? काम चांगलं केलंत."

शेवटची टपालाची गाडी पाच वाजता होती. साडेतीन झाले होते. त्यांनी काहीही न वाचता सही केली असती.

"नको, साहेब," मी फाइल मिटली. "एवढ्याशा कामाला सही लागत नाही."